पेठेतला देव

जो सर्वत्र आहे त्याला पत्ता कशासाठी हवा, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनात फार जुना आहे आणि त्याची उत्तरे ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांपासून संतांच्या चरित्रकथांपर्यंत विखुरलेली आहेत. ब्रह्म देशकालाच्या पलीकडचे आहे हा सिद्धान्त आणि अमक्या आळीतला मारुती नवसाला पावतो ही श्रद्धा एकाच माणसाच्या मनात, कसलाही ताण न जाणवता, शेजारी शेजारी नांदत आलेली आहेत. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक यांपैकी पहिल्या गोष्टीला दर्शन म्हणतात आणि दुसरीला लोकाचार म्हणून बाजूला ठेवतात. परंतु ही वाटणी सोयीची असली तरी खरी नव्हे, कारण देवाला जागा देण्याची कृती ही स्वतःच देवाविषयीचे एक विधान असते आणि त्या विधानाची जबाबदारी विचारवंतांना टाळता येत नाही. अठराव्या शतकात मराठी सत्तेचे केंद्र बनलेले पुणे या प्रश्नाच्या विचाराला विशेष उपयोगी पडते, कारण त्या शहराच्या पेठा, आळ्या, चौक आणि हौद यांची रचना देवस्थानांशी इतकी गुंतलेली आहे की देव कुठे राहतो हे सांगितल्याशिवाय माणूस कुठे राहतो हे तिथे पूर्वी सांगताच येत नसे. छत्रपतींची गादी साताऱ्यास होती आणि पुणे ही पेशव्यांची, म्हणजे प्रधानांची, राजधानी होती, ही गोष्टही इथे नोंदवून ठेवावी लागते. सत्तेचे मूळ एकीकडे आणि तिचे प्रत्यक्ष दर्शन दुसरीकडे, अशी स्थिती या शहराला राजकारणातही परिचयाची होती.

प्रश्नाचे शास्त्रीय रूप ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात येते. उपनिषदे ब्रह्म हृदयात वसते असे सांगतात. हृदय तर लहान आहे. मग एवढ्याशा जागेत वसणारे तत्त्व सर्वव्यापी ब्रह्म कसे असेल, ते मर्यादित जीवच असले पाहिजे, असा पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप तिथे मांडला जातो. शंकराचार्यांचे उत्तर दोन अंगांचे आहे. पहिले असे की ब्रह्माचे ठिकाण सांगितले जाते ते ब्रह्माला तिथे कोंडण्यासाठी नव्हे, तर ते 'निचाय्य' व्हावे, म्हणजे उपासकाला ध्यानाने न्याहाळता यावे, यासाठी. शाळिग्रामात हरीची उपासना करतात ती याच न्यायाने. दुसरे असे की आकाश सर्वत्र असूनही सुईच्या नेढ्याच्या अपेक्षेने ते तेवढेच आहे असे म्हणता येते, आणि त्याने आकाशाला उणेपणा येत नाही. याच विवेचनात आचार्यांनी दिलेला एक दृष्टान्त राजधानीचा आहे: सगळ्या पृथ्वीचा अधिपती असलेल्या राजालाही अयोध्येचा अधिपती म्हटले जाते. सर्वांवर सत्ता असणे आणि एका नगराच्या नावाने ओळखले जाणे यांत विरोध नाही, हे त्यांना या दृष्टान्ताने दाखवायचे होते.

मराठी संतपरंपरेत हाच प्रश्न कथेच्या रूपाने येतो. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांना दिसतात, नामदेव त्यांना दोष देतात, आणि देव जिथे नसेल तिथे आपले पाय उचलून ठेव असे विसोबा त्यांना सांगतात. नामदेवांना तशी जागा सापडत नाही. या कथेचा नेहमीचा अर्थ स्थानमाहात्म्याचे खंडन असा केला जातो, परंतु हा बोध झाल्यानंतरही नामदेवांनी पंढरपूरशी नाते तोडले नाही, आणि परंपरेने त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या पायरीशीच मानली. म्हणजे देव सर्वत्र असल्याचे पटल्यावरही एका ठिकाणाची ओढ शिल्लक राहते, आणि ती अज्ञानाची खूण मानता येत नाही. महानुभाव पंथाने तर चक्रधरस्वामींचा जिथे जिथे वास झाला त्या जागांची काटेकोर नोंद 'स्थानपोथी'त करून ठेवली, आणि ती करणारे लोक मूर्तिपूजेचे समर्थक नव्हते.

पुण्याकडे वळताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की या शहराची आखणी कोणत्याही शास्त्रोक्त मंडलावर झालेली नाही. वास्तुशास्त्रात नगराची भूमी वास्तुपुरुषाच्या देहावर कल्पून, तिचे चौरस पाडून, प्रत्येक पदावर एकेक देवता बसवण्याची पद्धत सांगितली आहे. १७२७ साली वसवलेले जयपूर अशा आखीव चौकड्यांचे नगर म्हणून प्रसिद्ध आहे. पुणे मात्र एकेका पेठेने वाढले. राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत पुण्य किंवा पुनक या नावाने या भागाचा उल्लेख येतो. पुढे नदीकाठचा कसबा हा वस्तीचा गाभा राहिला आणि त्याभोवती व्यापारी पेठा जमत गेल्या, ज्यांपैकी मंगळवारला पूर्वी अष्टापूर, रविवारला मलकापूर आणि बुधवारला मोहियाबाद म्हणत. पेठ वसवणे हे मुळात सरकारी व व्यापारी काम होते: वसणाऱ्याला कौल मिळे, काही वर्षे करांची सूट मिळे, शेटे आणि महाजन हे वतनदार बाजाराची व्यवस्था पाहत. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. त्यानंतरच्या साठ वर्षांत सदाशिव, नारायण, भवानी, रास्ता, घोरपडे, नाना अशा पेठा वसत गेल्या. या विस्तारात देवळे आधी ठरवून बसवलेली नाहीत. ती माणसांच्या मागोमाग, त्यांच्या नवसांच्या, वैराच्या आणि व्यापाराच्या ओघात आलेली आहेत.

तरीही भूमी ही केवळ जमीन नव्हे अशी जाणीव या शहराच्या आरंभकथेतच आहे. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, तिथे गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार रोवली, अशी परंपरा सांगते. गाढवाचा नांगर फिरवणे हा जमिनीला दिलेला शाप होता. तिथे पुन्हा कोणी वसू नये असा त्याचा अर्थ होता. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी जहागिरीवर आले तेव्हा दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली त्याच भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवून तो शाप उतरवण्यात आला आणि कसब्यातल्या गणपतीचे देऊळ बांधले गेले, असे हीच परंपरा पुढे सांगते. या कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीवर कितीही तपासला तरी तिच्यातला धर्मविचार स्पष्ट आहे: भूमीचे पावित्र्य नैसर्गिक नाही, ते माणसाच्या कृतीने जाते आणि माणसाच्या कृतीने परत येते. कसबा गणपती आणि तांबडी जोगेश्वरी ही तेव्हापासून पुण्याची ग्रामदैवते, म्हणजे त्या गावाच्या सीमेपुरते रक्षण करणारी आणि त्या सीमेतल्या प्रत्येक मंगलकार्याचे पहिले आमंत्रण घेणारी दैवते, मानली गेली. लग्नाची पहिली अक्षत आजही कसब्याच्या गणपतीपुढे ठेवण्याची पुणेकर कुटुंबांची रीत आहे. विश्वाचा नियंता म्हणून ज्याची स्तुती करायची त्यालाच घरच्या वडीलधाऱ्यासारखे बोलावणे धाडायचे, हे शंकराचार्यांच्या अयोध्याधिपतीच्या दृष्टान्ताचेच घरगुती रूप आहे, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

ग्रामदैवतांच्या खालोखाल पेठांमधले देव येतात, आणि इथे हा विषय विशेष समृद्ध होतो. बुधवार पेठेतल्या विठोबासमोर पासोड्या, म्हणजे जाड्याभरड्या पांघरुणांचा, बाजार भरे म्हणून तो पासोड्या विठोबा झाला. निवडुंगाच्या बनात मूर्ती सापडल्याची आठवण नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाने जपली आहे. शेजारच्या हलवायामुळे एका मारुतीला जिलब्या हे नाव मिळाले, आणि भिकारदास नावाच्या सराफाचे नाव दुसऱ्या मारुतीला चिकटले. सदाशिव पेठेतल्या मुरलीधराच्या प्रतिष्ठेच्या वेळी, १७९७ साली, मूर्तीच्या मालकीवरून चकमक होऊन माणसे पडली असे सांगतात, आणि त्या रक्तपाताचा डाग देवाच्या नावावर कायमचा राहिला: लोक त्याला खुन्या मुरलीधर म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही नावे थट्टेची वाटतात, पण तो समज वरवरचा आहे. देवाला त्याच्या पुराणोक्त विशेषणाने न ओळखता समोरच्या दुकानावरून, परसातल्या झाडावरून किंवा अंगणातल्या भांडणावरून ओळखायचे, याचा अर्थ असा की त्या वस्तीने देवाला आपल्या सुखदुःखाचा साक्षीदार करून घेतले आहे. शास्त्रातला देव जन्ममरणाच्या पलीकडे असतो. मुरलीधराने मात्र आपल्या दारात पडलेल्या माणसांची आठवण अंगावर वागवली आहे, आणि इतकी मोठी नैतिक गोष्ट वेदान्ताच्या परिभाषेत सहजासहजी बसत नाही. शंकराचार्यांच्या मांडणीत स्थान हे ध्यानाची सोय आहे. पेठेच्या अनुभवात ते त्याहून अधिक आहे, कारण तिथे उपासक देवाकडे जातो तेवढाच देवही वस्तीच्या व्यवहारात ओढला जातो.

या दोन्ही गोष्टी एकाच वास्तूत पाहायच्या तर सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळापाशी थांबावे लागते. हा भाग गोसाव्यांचा होता. हे गोसावी संन्यासी असूनही व्यापार व सावकारी करीत. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ साली हे काम सुरू केले आणि १७७० साली मूर्तीची प्रतिष्ठा झाली. तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती गाभाऱ्यात आहे, तळघरात गुरूची समाधी आहे, आणि भिंतीवर संस्कृत व फार्सी असे दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत. काळ्या पाषाणाचे दर्शनी अंग शिल्पांनी भरलेले असून त्यात एका गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. प्लासीच्या लढाईनंतर पूर्वेकडे काय घडत होते याची दखल पुण्यातल्या एका आळीने दगडात घेतली, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. मागच्या भिंतीवर लिंगोद्भवाचे शिल्प आहे. लिंगोद्भव म्हणजे शिव अग्निस्तंभाच्या रूपाने प्रकट झाला आणि त्याचा अंत शोधायला निघालेल्या ब्रह्मा व विष्णू यांना, एकाला हंस होऊन वर आणि दुसऱ्याला वराह होऊन खाली जाऊनही, तो सापडला नाही ही पुराणकथा. ज्याला वर आणि खाली टोक नाही असे तत्त्व शिल्पकाराने हात-दोन हातांच्या कोनाड्यात बसवले आहे, आणि तेही रहदारीच्या, व्यापाराच्या, राजकारणाच्या बातम्या ऐकू येणाऱ्या पेठेत. अनंताला चौकट घालणे हे अज्ञान असेल तर ते या शिल्पाच्या कर्त्याला माहीत नव्हते असे म्हणवत नाही, कारण कोरलेला विषयच अनंततेचा आहे. चौकट पाहणाऱ्यासाठी आहे, पाहिल्या जाणाऱ्यासाठी नाही, हे सूत्रभाष्यातले उत्तर त्या भिंतीवर अधिक थेटपणे वाचता येते.

राजधानी म्हणून वाढलेल्या शहरात देवांचे शेजार एकाच धर्माचे राहत नाहीत. कसब्याच्या नदीकाठी धाकटा आणि थोरला शेखसल्ला हे दर्गे आहेत आणि त्या जागी पूर्वी पुण्येश्वर व नारायणेश्वर यांची देवळे होती असे परंपरा सांगते. या परंपरेवरून अलीकडे वाद पेटवले जातात, पण धर्मविचाराच्या दृष्टीने तिच्यातून एवढेच निघते की पुजला जाणारा पालटला तरी जागेकडे जाणारी पाऊलवाट मोडत नाही. नाना पेठेच्या कडेला गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली आणि तिथे उभे राहिलेले चर्च आजही आहे. वेदोक्त कर्मांचे पुरस्कर्ते असलेल्या सत्तेने परधर्मीयांच्या देवाला आपल्या राजधानीत जागा द्यावी यात राजनीती होतीच, पण देवाला जागा लागते हे तत्त्व सर्वांना समान लागू करण्याची समजही होती.

स्थान पक्के असते म्हणजे अचल असते, असेही शास्त्र मानत नाही. आगमांत आणि धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत जीर्णोद्धाराचा विधी सांगितलेला आहे: देऊळ मोडकळीस आले की मूर्तीतले देवत्व मंत्रांनी जलकुंभात आवाहन करून ठेवायचे, कुंभाचीच पूजा चालू ठेवायची, आणि नव्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करून ते परत बसवायचे. रस्तारुंदीत आळीचा मारुती दहा हात मागे सरकवताना आजही हाच विधी केला जातो. भाद्रपदातला पार्थिव, म्हणजे मातीचा, गणपती तर येण्याजाण्यासाठीच असतो. १८९३-९४ पासून सार्वजनिक झालेल्या उत्सवात चौकाचौकाला दहा दिवसांपुरते देवाचे ठिकाण लाभते, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा मानाचा क्रम लक्ष्मी रस्त्यावर पाळला जातो. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत आणि तुकारामांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी मुक्कामाला असते. पादुका येतात, दोन रात्री त्या पेठा तीर्थ होतात, आणि पालख्या पुढे निघून जातात. या सर्व उदाहरणांत एकच गोष्ट दिसते: देवाचे ठिकाण देवाच्या गरजेने ठरत नाही, उपासकाच्या गरजेने ठरते, आणि ती गरज संपली किंवा सरकली की ठिकाणही सरकू शकते.

इथपर्यंतचे विवेचन समाधानकारक वाटेल, पण ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा राजधानीच्या दृष्टान्तातच दडलेला आहे. सुईच्या नेढ्यातल्या आकाशाला पहारेकरी नसतो. अयोध्येच्या अधिपतीला वेशी, चौक्या आणि द्वारपाल असतात. देवाला नगराच्या राजाची उपमा दिली की कोणाला आत सोडायचे हा प्रश्न उपमेबरोबर आत येतो. ज्या भाष्यात स्थान हे उपासकाच्या सोयीसाठी आहे असे सांगितले, त्याच भाष्यात पुढच्या पादात शूद्राला वेदाध्ययनाचा आणि म्हणून वैदिक ज्ञानमार्गाचा अधिकार नाही असे अधिकरण, म्हणजे निर्णयाचे प्रकरण, आहे. एका पादात उदार असलेला युक्तिवाद पुढच्या पादात दार लावतो, आणि ही गोष्ट शंकराचार्यांच्या थोरवीपुढे झाकून ठेवणे अप्रामाणिक ठरेल.

पेशवाईतल्या पुण्यात हे दार प्रत्यक्ष होते. पर्वती टेकडीच्या पायथ्याशी श्रावणात रमण्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात, ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्याच्या खजिन्यातून धर्माची मर्यादा तिथे दरवर्षी आखली जात होती. महार आणि मांग यांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी शहरात येऊ दिले जात नसे, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि सावलीचाही विटाळ मानला जाई, असे गो. स. घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील ग्रंथात नोंदवले आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने, जी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती, बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महारांच्या शिराचे गुलटेकडीच्या मैदानात काय होत असे ते लिहिले. तालीमखाना आणि गुलटेकडी ही शहराच्या नकाशावरची ठिकाणे आहेत. जिथून एखाद्याला पाय जपून जावे लागते, किंवा जाताच येत नाही, तो रस्ता त्याच्या दृष्टीने कोणत्या देवाच्या राज्यातला आहे, हे विचारण्याचा हक्क मुक्ता साळवे यांनी बजावला. त्यांचा मुख्य प्रश्न याहून खोल होता: वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि बाकीच्यांना ते पाहण्याचीही बंदी असेल, तर ज्यांच्याकडे धर्मपुस्तकच नाही त्यांचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. हा युक्तिवाद कोणत्याही शास्त्रीपंडिताच्या पूर्वपक्षाइतका नेमका आहे आणि त्याला तितकेच नेमके उत्तर त्या वेळी कोणी दिल्याचे दिसत नाही.

स्थान आणि प्रवेश यांचा हा संबंध पुढे पर्वतीवरच कसाला लागला. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले होते. १९२९च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी मंदिरप्रवेशासाठी पायऱ्या चढले, तेव्हा त्यांच्यावर दगडफेक झाली आणि दारे बंद ठेवण्यात आली. या सत्याग्रहाला समतेचा लढा म्हणून जे स्थान आहे ते योग्यच आहे, परंतु त्याला धर्मतत्त्वाचीही एक बाजू आहे, जिचा विचार पुरेसा झालेला नाही. सर्वव्यापी देवाला टेकडीवरचा गाभारा देण्याचे एकमेव शास्त्रीय समर्थन असे की तो तिथे उपासकाला पाहता यावा. ज्याला तो पाहायचा आहे त्यालाच पाहू दिले जात नसेल तर ते समर्थन गळून पडते, आणि मागे उरतो तो सर्वव्यापी देवाला खरोखरच कोंडून ठेवण्याचा प्रकार, म्हणजे ज्या पूर्वपक्षाचे भाष्यकाराने खंडन केले तोच. पर्वतीचे बंद दार अन्यायकारक होते, आणि त्या दाराआड जे तत्त्व जपले जात असल्याचा दावा होता त्या तत्त्वाच्याही ते विरोधात होते. १९४७च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याने अशी दारे कायद्याने उघडली. शास्त्राच्या आतून ती उघडण्याचा युक्तिवाद मात्र शंकराचार्यांच्या एका वाक्यात हजाराहून अधिक वर्षे पडून होता आणि पुण्याच्या शास्त्रीमंडळाने तो उचलला नाही.

जोतीराव फुले यांचा आक्षेप याच्याही पुढचा आहे. मंदिरप्रवेशाची मागणी करणारा स्थान मान्य करतो आणि वाट मागतो. फुले स्थानच अमान्य करतात. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात ईश्वराला 'निर्मिक', म्हणजे सर्व निर्माण करणारा, असे म्हटले आहे. त्याला मूर्ती नको, नैवेद्य नको, तीर्थ नको, मध्यस्थ तर मुळीच नको, आणि त्याने निर्मिलेल्या सर्व स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी सत्याने वागणे हीच त्याची पूजा. हा विचार पेठेतल्या शेजारी देवाला पूर्णपणे नाकारतो, आणि तो नाकारताना फार मोलाचे काहीतरी गमावतो असेही म्हणता येईल: पासोड्यांच्या बाजारात उभा असलेला विठोबा ज्या जवळिकीने बोलतो ती जवळीक निर्मिकाजवळ नाही. परंतु ज्या माणसांना त्या बाजारातून सावली जपत जावे लागले त्यांना ही जवळीक कधी मिळालीच नव्हती, आणि फुले त्यांच्या बाजूने बोलत होते.

तरीही फुले यांनी आपला विचार निराकार राहू दिला नाही. पुण्यात पाणी आणि जात यांचे नाते फार घट्ट होते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणले होते आणि पेठापेठांतल्या हौदांत ते पडत असे. पण कोणत्या हौदाला कोणाचा हात लागावा हे जातीने ठरे. १८६८ साली फुले यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहान मुलीच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौदही सर्व जातींसाठी होता. याच शहरात १८९० साली वेताळ पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, होऊन प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला, हे लक्षात घेतले की बावीस वर्षे आधी उघडलेल्या त्या हौदाचे धाडस कळते. निर्मिकाला तीर्थाची गरज नाही असे मानणाऱ्या माणसाने आपल्या अंगणात सर्वांना हात घालता येईल असे पाणी ठेवले. स्थान नाकारणाऱ्या सिद्धान्तालाही आचरणात येताना एका पेठेचा, एका घराचा आणि एका हौदाचा आधार घ्यावा लागला, आणि 'निचाय्य' असणे म्हणजे काय याचे जे उत्तर सूत्रभाष्याच्या पहिल्या अध्यायात अर्धवट राहिले होते, ते त्या हौदाशी पाणी भरायला आलेल्या बायामाणसांनी पुरे केले. त्या पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात.